मागे राहिलेले तेवीस ठिपके

४ फेब्रुवारी

ही पडद्यांच्या मापांची वही. मागची पानं कोरी होती म्हणून इथे लिहितेय. ह्यांना पडद्यांच्या मापांत काडीचा रस नाही, तेव्हा कुणी वाचेल अशी भीती नाही.

आज खगोल मंडळाच्या तपासनिसांचं पत्र आलं. दुसऱ्यांदा नकार. ह्यांनी सहा संध्याकाळी गच्चीवर बसून एका लघुग्रहाचे तेवीस फोटो काढले, प्रत्येक फोटोत आजूबाजूच्या ताऱ्यांवरून त्याची जागा मोजली, वेळ लिहिली आणि सगळं मंडळाकडे पाठवलं. तपासनीस म्हणतात, लघुग्रहाच्या ठरलेल्या मार्गाशी एकही नोंद जुळत नाही. मोजमाप आणि वेळ तपासा, महिनाअखेरपर्यंत सुधारून पाठवा, नाहीतर सगळ्या नोंदी बाद.

हे चौतीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढत होते. काळ्या फोटोतला पांढरा ठिपका ह्यांना ओळखता येत नाही म्हणणं म्हणजे मला पडद्याची उलट-सुलट बाजू कळत नाही म्हणण्यासारखं आहे. संध्याकाळी चहा ढवळत म्हणाले, "मी एकही आकडा बदलणार नाही. दिसलं ते लिहिलं. महिनाअखेरीला बाद झालं की दुर्बीण विकून टाकू."

मी "बरं" म्हटलं. जरा घाईनेच म्हटलं.

५ फेब्रुवारी

हे दाढी करत होते तेवढ्यात गच्चीवरची खोली मोजून आले. चौदा बाय दहा. दुर्बीण, तिची तिवई, ह्यांच्या फायली आणि ती खुर्ची गेली की नऊ फुटांचं कापायचं टेबल आरामात बसेल. बावीस वर्षं मी जेवणाच्या टेबलावर कापड कापतेय. आम्ही दोघं एका कोपऱ्यात जेवतो आणि उरलेल्या टेबलावर लोकांच्या खिडक्या जेवतात. ह्यांच्या भाजीत एकदा टाचणी निघाली होती. त्यांनी ती नुसती ताटाच्या कडेला ठेवली.

चौकातल्या चष्मेवाल्याशी बोलून ठेवलं. त्याला दुकानाच्या काचेत दुर्बीण मांडायची हौस आहे. म्हणाला, तेवीस तारखेला, रविवारी येऊन बघतो.

आता एकच धास्ती. ह्यांचं मत पालटायला वेळ लागत नाही. महिनाअखेरीला म्हणतील, एक डाव अजून. म्हणून लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, बाबांच्या नोंदी तारांगणाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक. लघुग्रहाचा खरा मार्ग दिसेल आणि बाबांचे ठिपके कुठे पडतात तेही दिसेल. डोळ्यांनी बघितलं की मानतील."

हे मला पटलं. चूक समोर दिसली की माणूस निमूट बसतो. ह्यांना कॉम्प्युटरचं आकाश बिलकूल मान्य नाही, तेव्हा काम माझ्यावरच आलं. दुपारी हे झोपतात तो दीड तास माझा.

७ फेब्रुवारी

लेकीने तिच्या घरून काहीतरी केलं आणि इथे माझ्या कॉम्प्युटरवर आकाश उघडलं. भर दुपारी दोन वाजता तारे. लघुग्रहाला मी धोंडा म्हणते, कारण आहे तो धोंडाच. त्याच्या मार्गाचे आकडे लेकीने आयते भरले. ह्यांच्या वहीतल्या नोंदी मात्र एकेक करून मी टाकल्या. तासभर मान मोडून तेवीस नोंदी टाकल्या आणि बटण दाबलं, तर सगळे ठिपके जमिनीखाली.

लेकीने विचारलं, "आई, तू कुठे उभी आहेस ते सांगितलंस का त्याला?"

नव्हतं सांगितलं. सॉफ्टवेअरने आम्हाला समुद्राच्या मधोमध उभं केलं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात मला कधी कधी तसं वाटलेलं आहे, पण यंत्रालाही दिसावं याचं नवल वाटलं. घराची जागा भरली तशी आम्ही किनाऱ्याला लागलो.

हे आज दातांच्या डॉक्टरकडे वेळेवर पोचले. लग्नापासून ह्यांना सगळीकडे वेळेवर पोचवतेय ती मी. कशी, ते या वहीतही लिहिणार नाही.

१० फेब्रुवारी

ठिपके आता मार्गाच्या आसपास आले आहेत. आसपासच, मार्गावर नाहीत. म्हणजे तपासनीस बरोबर आणि खोली माझी.

ह्यांच्या वहीबद्दल मात्र लिहायलाच हवं. अक्षर मोत्यासारखं, पण वेळेच्या रकान्यात सगळी खोडाखोड. सात एकोणचाळीस लिहायचं, ते खोडायचं आणि पुढे सात बत्तीस लिहायचं. आठ पंचवीस खोडून आठ अठरा. पानोपानी हीच रड. एवढा नीटनेटका माणूस, पण साधी वेळ एका दमात लिहिता येत नाही. मला दया आली.

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तपासनीस म्हणतात तसं वेळेत तर काही गडबड नसेल ना?"

"वेळेत?" हे हसले. पत्र आल्यापासून पहिल्यांदाच. "वेळेत चूक होणं शक्य नाही. घड्याळाचं सगळं हिशेबात धरूनच लिहितो मी."

घड्याळाचं काय हिशेबात धरतात देव जाणे. मी जास्त विचारलं नाही, कारण तो विषय मला नको होता.

११ फेब्रुवारी

हॉटेलचे चौदा पडदे शिवायचे आहेत आणि मी दोन तास ठिपके बघत बसले. फक्त पुराव्यासाठी. पुरावा पक्का हवा.

१३ फेब्रुवारी

आज एक गोष्ट लक्षात आली, ती अशी.

चुकलेले ठिपके इकडेतिकडे विखुरलेले असायला हवे होते. हात थरथरला, नजर चुकली, तर एक वर जाईल, एक खाली, एक पुढे, एक मागे. ह्यांचे तसे नाहीत. सगळे मार्गाच्या रेषेवरच आहेत, पण धोंडा जिथे असायला हवा त्याच्या थोडे मागे. तेवीसच्या तेवीस मागे. एकही पुढे नाही.

माझ्याकडे पूर्वी शिवणकामाला एक बाई यायची. तिने शिवलेला प्रत्येक पडदा अर्धा इंच आखूड व्हायचा. प्रत्येक, न चुकता. मी तिच्यावर खेकसायचे. शेवटी तिची टेप हातात घेतली तर सुरुवातीची पितळी पट्टी आणि तिच्यामागचा अर्धा इंच तुटून गेलेला. तिचं माप अगदी बरोबर होतं, टेपची सुरुवातच चुकलेली होती. त्या बाईची मी माफी मागितली नाही, हे आज आठवलं आणि बरं वाटलं नाही.

सगळं सारखंच चुकतं तेव्हा चूक हाताची नसते. म्हणजे ह्यांचं मोजमाप बरोबर आहे.

हे मी कशाला शोधून काढलं? मला खोली हवी आहे.

१४ फेब्रुवारी

पडदे तसेच पडलेत. हॉटेलवाल्याला सांगितलं, अस्तर आलं नाही. अस्तर कपाटात आहे.

सॉफ्टवेअरमध्ये वेळ मिनिटामिनिटाने मागेपुढे करायचं बटण आहे. पहिल्या नोंदीच्या वेळेवर आकाश थांबवलं. धोंडा पुढे, ह्यांचा ठिपका मागे. बटण दाबून वेळ एक मिनिट मागे नेली. धोंडा ठिपक्याकडे सरकला. दोन, तीन, चार. पाचव्याला धोंडा ठिपक्यावर येऊन बसला, टिचबटण लागावं तसा. दुसरी नोंद, पाच मिनिटं. तिसरी, पाच. तेवीस नोंदी करून पाहिल्या. एक सोळावी हट्टी निघाली, ती पाचाला काही बधली नाही. बाकी बावीस ठिकाणी पाच, पाच आणि पाच.

म्हणजे ह्यांनी लिहिलेली प्रत्येक वेळ खऱ्या वेळेच्या पाच मिनिटं पुढे आहे. म्हणजे घड्याळ पुढे आहे.

चहा केला आणि प्यायचा विसरले.

१५ फेब्रुवारी

आता लिहितेच. कुणाला सांगायचं नव्हतं, पण वहीला काय.

हे जन्मजात उशिरा पोचणारे. लग्नाला अर्धा तास उशिरा आले आणि म्हणाले, रस्त्यात एका माणसाचा मोडलेला हात बघत होतो. तेव्हापासून घरातली घड्याळं मी पुढे ठेवते. आधी सात मिनिटं ठेवायची. सात अशासाठी की दहा केली तर माणसाला संशय येतो. वर्षानुवर्षं छान चाललं. पण निवृत्त झाल्यापासून हे पुन्हा उशिरा यायला लागले, जेवायला, दवाखान्यात, बारशाला, सगळीकडे. काय बिघडलं कळेना. म्हणून गेल्या वर्षी गच्चीवरच्या घड्याळाचा सेल बदलला तेव्हा सातची बारा केली. खालच्याही घड्याळांची केली. गाडी पुन्हा रुळावर आली.

फोन हे खाली ठेवून वर जातात, त्याच्या उजेडाने डोळे दिपतात म्हणून. कॅमेऱ्यातलं घड्याळ केव्हाच मेलेलं आहे. उरलं भिंतीवरचं माझं घड्याळ. काखेत कळसा आणि मी समुद्रात शोधत होते.

आज वर जाऊन फोनशी ताडून पाहिलं. बरोबर बारा मिनिटं पुढे.

पण मग हे जमत नाही. मी केलं बारा मिनिटांचं आणि ठिपके चुकलेत पाच मिनिटांनी. पाप बाराचं, शिक्षा पाचाची, असं कुठे असतं का? दोनदा ताडलं. बाराच.

म्हणजे कारण दुसरं काहीतरी असणार. माझा काही संबंध नसणार. हे मनाला पटवत तासभर गच्चीवरच्या खोलीत बसले, त्यांच्याच खुर्चीत.

१७ फेब्रुवारी

चोराच्या मनात चांदणं. हे नुसतं "किती वाजले" म्हणाले तरी हातातली कात्री थांबते.

लेकीला विचारलं, घड्याळ बारा मिनिटं पुढे असेल तर चूक पाच मिनिटांची येईल का. ती म्हणाली, "नाही गं, बाराची येईल. का?" म्हटलं, सहज.

बघा. सुटले मी. गणित माझ्या बाजूने आहे. गप्प बसलं तर महिनाअखेर उजाडेल, नोंदी बाद होतील, चष्मेवाला दुर्बीण नेईल आणि मला नऊ फुटांचं टेबल मिळेल. मला काही करायचंच नाहीये. फक्त गप्प बसायचं आहे, आणि ते मला कधी जमलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

हे वर दुर्बीण पुसत होते. मी कपडे वाळत घालायला गेले. मऊ फडकं घेऊन, भिंगाला हात न लावता कडेकडेने पुसत होते. पूर्वी हॉस्पिटलात लहान पोरांना हात सरळ धरायला सांगायचे ना, तसं हळू बोलत होते तिच्याशी. मला बघून म्हणाले, "त्या चष्मेवाल्याला सांग, झाकण कायम लावून ठेव म्हणावं. काचेच्या कपाटातही धूळ जाते."

मी विचारलं, "वाईट वाटतंय का?"

"दुर्बिणीचं नाही गं." फडकं झटकलं त्यांनी. "मला वाटायचं, डोळा अजून शाबूत आहे. पासष्टीला माणसाला एवढंच कळायला हवं असतं, की अजून नीट दिसतं. नाही दिसत, तर नाही."

माझ्या हातात ओला टॉवेल होता. तो मी दोनदा पिळला.

ह्यांना नीट दिसतं. जगात हे फक्त मला ठाऊक आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

दुपारी झोपू दिलं नाही. कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हटलं, "हे बघा, हा धोंडा, हे तुमचे ठिपके. तुमचं माप चोख आहे. वेळ पाच मिनिटं चुकलीय, बस."

त्यांनी बघितलं. मी बटण दाबत गेले, धोंडा ठिपक्यांवर बसत गेला. सातव्या नोंदीनंतर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः बटण दाबायला लागले. तेवीसही ठिपके तपासले. मग म्हणाले, "पण वेळ चुकेल कशी? मी सात मिनिटं वजा करतो की."

"कसली सात मिनिटं?"

"अगं, घड्याळ सात मिनिटं पुढे असतं ना आपलं. तूच ठेवतेस."

मी खुर्ची ओढून बसले. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"निवृत्त झालो तेव्हापासून. घरी बसल्यावर रेडिओच्या बातम्या आणि आपलं घड्याळ जुळेना. म्हटलं, बायकोने एवढं मन लावून केलंय, कशाला बोला. मनात वजा करत गेलो."

म्हणजे निवृत्तीनंतर ह्यांना उशीर होऊ लागला तो यामुळे. आणि वहीतली ती खोडाखोड, सात एकोणचाळीसचं सात बत्तीस, आठ पंचवीसचं आठ अठरा, ती माझी सात मिनिटं होती. मला त्या खोडाखोडीची दया येत होती.

"अहो," मी म्हटलं, "सात नाही. बारा आहेत."

"बारा?"

"गेल्या वर्षीपासून."

त्यांनी बोटं मोजली नाहीत, कागद घेतला नाही. चौतीस वर्षं किती सेकंद किरण सोडायचे हे मनात मोजणारा माणूस. "बारातून सात गेले पाच," म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले. मग खरंच चिडले. "मला न सांगता वाढवलीस?"

"तुम्ही मला न सांगता वजा करत होतात ते?"

"मी तुझं मन राखायला करत होतो."

"मी तुमची अब्रू राखायला करत होते."

इथे काय झालं कळलं नाही, दोघांनाही हसू आलं. ह्यांना एवढं आलं की चष्मा काढून ठेवावा लागला. डोळे पुसले ते हसण्याचे होते की नाही, मी विचारलं नाही. मला मात्र रडू आलं होतं, ते इथे लिहून ठेवते.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चष्मेवाल्याला फोन करून सांगितलं, मंडळाचं उत्तर येईपर्यंत थांबा.

दिवसभर भांडण. मी म्हणते, सगळ्या वेळा पाच मिनिटं मागे करून पाठवा. हे म्हणतात, एकही आकडा बदलणार नाही असं बोललो आहे. शेवटी असं ठरलं की हा आकडा बदलणं नव्हे, हे वजाबाकी पूर्ण करणं आहे. सोळावी नोंद गाळू या म्हटलं, तर तीही नाही. "दिसलं ते लिहिलं. चुकलं असेल तर चुकलेलं जाऊ दे."

मंडळाच्या अर्जात एक रकाना आहे, 'त्रुटीचे कारण'. ह्यांनी लिहिलं, 'घड्याळात बिघाड'. मी हरकत घेतली. घड्याळात काही बिघाड नव्हता, ते मी सांगितलं तसं चालत होतं. मग मी लिहिलं, 'निरीक्षकाचा गैरसमज'. त्यावर ह्यांनी हरकत घेतली. चार वेळा खोडून अखेर दोघांना मान्य झालेलं वाक्य असं: 'निरीक्षणस्थळाचे घड्याळ दोन व्यक्तींच्या ताब्यात असल्याने.'

२८ फेब्रुवारी

हॉटेलचे पडदे गेले. दोन दुमडी तिरक्या आहेत. त्यांना कळणार नाही.

९ मार्च

तपासनिसांचं उत्तर आलं. बावीस नोंदी स्वीकारल्या, सोळावी बाद. मोजमाप उत्तम असल्याचा शेरा. खाली सूचना: 'यापुढे घड्याळ एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावे.' कुणाच्या, ते लिहिलेलं नाही. विचारून घ्या म्हटलं, तर ह्यांनी पत्र खिशात टाकलं आणि भाजी आणायला गेले. पिशवी न घेता.

खोलीचा निकाल असा लागला: दिवसा माझी, दिवेलागणीनंतर ह्यांची. दुर्बीण चाकांवर बसवायची म्हणजे गच्चीवर ढकलता येईल. टेबल नऊचं नाही, सातचं बसतं. चालेल.

११ मार्च

धोंडा आता लांब गेला. ह्यांच्या फोटोत काल तो दिसेनासा झाला. मी विचारलं, परत कधी. म्हणाले, तुझ्या त्या कॉम्प्युटरला विचार.

दुपारी विचारलं. वर्षं पुढे पुढे नेत गेले. धोंडा पार लांब जातो, फिरतो, आणि आमच्या गच्चीवरून दिसेल असा जवळ येतो तो एकोणीस वर्षांनी, सहा ऑक्टोबरला. संध्याकाळी साडेसात वाजता, पश्चिमेला, पाण्याच्या टाकीच्या जरा वर.

एकोणीस वर्षांनी मी ऐंशीची आणि हे चौऱ्याऐंशीचे. गच्चीला अठ्ठावीस पायऱ्या आहेत. मी ते आकाश तसंच पडद्यावर ठेवून बसले. खोलीसाठी एवढं सगळं सुरू केलं होतं मी. आता त्या पडद्यावर एक मोकळी गच्ची होती आणि तिच्यावर कोण असेल ते सॉफ्टवेअर सांगत नव्हतं. मला भीती वाटली. लग्नाच्या दिवशी अर्धा तास हे आले नव्हते, तेव्हा वाटली होती त्याहून जास्त.

हे झोपेतून उठून मागे येऊन उभे राहिले. तारीख वाचली. मग म्हणाले, "जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेऊ."

"कधी?"

"उद्या सुताराला बोलावतो."

तेवढ्यात चष्मेवाल्याचा फोन. मंडळाचं उत्तर आलं का, दुर्बिणीचं काय ठरलं. मी सांगितलं, विकायची नाही, लागणार आहे. तो चिवट माणूस. म्हणाला, "मग नंतर कधी विकणार असाल तर?"

मी समोर बघून त्याला तारीख दिली. सहा ऑक्टोबर आणि पुढे वर्ष. म्हटलं, त्या दिवशी आम्हा दोघांना ती हवी आहे, सात तारखेला सकाळी येऊन विचारा.

त्याने लिहून घेतली.